विहिरीचे झरे मोजायचे तर

चि. सायली हिस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, पाणी, खत, मजूर सगळं जमवीन, पण हा हिशेब माझ्याच्यानं होणार नाही. मी पहिल्यापासून गणितात कच्ची." शाळेत शिकवायला लागल्यापासून हे वाक्य मी ऐकत आलेय आणि दर वेळी जीव तुटतो. फोनवर उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून हे पत्र. ते छापायलाही देतेय, कारण तुझ्यासारख्या कितीतरी मुली सध्या घरची शेती अंगावर घेताहेत आणि त्यांच्याही मनात कुणीतरी हेच वाक्य पेरून ठेवलं आहे.

तू पाठवलेलं वहीचं पान मी नीट पाहिलं. सातबाऱ्यावर जमीन हेक्टर-आरमध्ये, माझा दादा बोलतो एकर-गुंठ्यांत. विहीर फुटांत, पाइप इंचांत, टाकी लिटरमध्ये, मोटर हॉर्सपॉवरमध्ये, पाऊस मिलिमीटरमध्ये. खताची शिफारस हेक्टरी किलोत आणि दुकानात मिळते ती गोणी. चार एकरांच्या तुकड्यावर इतकी मापं एकत्र नांदताहेत आणि तुला वाटतं, गोंधळ तुझ्या डोक्यात आहे. अगं, हा गोंधळ दीडदोनशे वर्षांचा आहे, तुझ्या आधीपासूनचा.

मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी झाली ती ३३ फुटांच्या साखळीनं. त्या साखळीचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब, एक साखळी रुंद जागा म्हणजे गुंठा: ३३ गुणिले ३३, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर, ४३,५६० चौरस फूट. आण्यांत मोजणाऱ्या त्या जगात तुझे आजोबा पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा पाठ म्हणायचे, साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. सोळा आण्यांच्या हिशेबाला ते पाढे चपखल बसत. मग १९५६ साली वजनमापांचा कायदा आला, १९५८ पासून मेट्रिक मापं टप्प्याटप्प्यानं लागू झाली आणि जमिनीच्या कागदावर हेक्टर-आर आले. बांधावरची बोली मात्र एकर-गुंठ्यांतच राहिली.

तुझ्या सातबाऱ्यावरचा आकडा आहे १.६२.००. त्याचा अर्थ १ हेक्टर, ६२ आर, शून्य चौरस मीटर. एका हेक्टरात २.४७१ एकर, तेव्हा १.६२ गुणिले २.४७१ म्हणजे ४ एकर. दादाचे चार एकर आणि सरकारचे १.६२ हेक्टर एकच आहेत, निर्धास्त राहा. आर आणि गुंठा यांना गावात एकच समजतात, आणि रोजच्या बोलण्यात ते चालतं. पण आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. गुंठ्याहून तेरा चौरस फूट कमी. चाळीस गुंठे आणि चाळीस आर यांत ५०० चौरस फुटांचा फरक पडतो, जवळजवळ अर्धा गुंठा. पेरणीत तो कुणाला जाणवणार नाही. खरेदीखतावर सही करताना मात्र कागदावर कुठला शब्द आहे ते बघायचंच.

इथेच एक गोष्ट पक्की करून टाक. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट. म्हणून एक चौरस मीटर म्हणजे ३.२८ चौरस फूट नव्हे; लांबीलाही ३.२८ नं गुणायचं आणि रुंदीलाही, तेव्हा १०.७६. घनमीटरला तिसऱ्यांदा गुणायचं, ३५.३ घनफूट. चौरस आणि घन हे शब्द तोंडातून सहज निसटतात आणि त्यांच्याबरोबर दहापट, पस्तीसपट फरक निसटतो.

आता रीत सांगते. एकच आहे. कुठलाही आकडा वहीत एकटा लिहू नकोस, शेजारी त्याचं एकक लिही, आणि गुणाकार-भागाकार करताना आकड्यांसारखंच एककांनाही छेद दे. "दर" हा शब्द आला की मधे भागाकाराची रेघ आहे असं समज. हेक्टरी १२० किलो म्हणजे १२० किलो, खाली १ हेक्टर. तुला एकरी हवंय. हेक्टर घालवायचा तर वर "१ हेक्टर" आणि खाली "२.४७१ एकर" येईल असं मांड. हेक्टर हेक्टरला कापला जातो, उरतं किलो दर एकर, आणि आकडा येतो ४८.६. गुणायचं की भागायचं हा प्रश्न शाळेत तुला रडवायचा ना? तो एककांना विचार. चुकून गुणलंस तर कागदावर "किलो एकर दर चौरस हेक्टर" असलं काहीतरी येईल, म्हणजे ज्याचा शेतात काहीच अर्थ नाही. तिथेच थांबायचं. शिवाय साधी समज आहेच: एकर हेक्टरपेक्षा लहान, मग त्याला खत जास्त कसं लागेल?

खताचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण तू त्यावरच अडली होतीस. समज, गव्हाला शिफारस आहे हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ४० किलो पालाश. मातीपरीक्षण झालं की तुझे आकडे बदलतील, रीत तीच राहील. एकरी झाले ४८.६, २४.३ आणि १६.२ किलो. पण दुकानात नत्र मिळत नाही, स्फुरद मिळत नाही. मिळतो युरिया, ज्यात शंभर किलोला ४६ किलो नत्र. आणि डीएपी, ज्यात १८ किलो नत्र आणि ४६ किलो स्फुरद. डीएपी दोन्ही देतं, म्हणून डोकं चक्रावतं. चक्रावू देऊ नकोस. जे माहीत नाही त्याला नाव दे. डीएपीचे किलो ड, युरियाचे किलो य. आता त्यांच्याबद्दल जे खरं आहे ते लिही:

०.४६ ड = २४.३
०.१८ ड + ०.४६ य = ४८.६

पहिल्या ओळीत एकच अज्ञात आहे, ती आधी सोडव. ड येतो ५२.८ किलो. तेवढ्या डीएपीबरोबर नत्र फुकट आलं ९.५ किलो. उरलं ३९.१, त्याला ०.४६ नं भाग, य आला ८५ किलो. पालाशसाठी पोटॅश, त्यात ६० टक्के, म्हणून २७ किलो. चार एकरांना डीएपी २११ किलो, म्हणजे पन्नासच्या चार गोण्या आणि वर थोडं. युरिया ३४० किलो, पंचेचाळीसच्या साडेसात गोण्या. डीएपीतलं नत्र न धरता युरिया आणायला गेलीस तर नऊ गोण्यांहून जास्त येईल आणि पावणेदोनहून थोड्या जास्त गोण्या विनाकारण जमिनीत जातील. आणि हेक्टरचा आकडा एकराला वापरला तर अडीचपट. हे दोन हिशेब कागदावर मांडायला दहा मिनिटं लागतात. डीएपी-पोटॅश पेरताना द्यायचं आणि नत्राचा निम्मा हप्ता राखून तीनेक आठवड्यांनी पहिल्या पाण्याबरोबर, ते दादाला ठाऊक आहेच.

पण मला तुझ्याशी खरं बोलायचंय ते विहिरीबद्दल. तुझ्या पानावर तू लिहिलंयस: "विहिरीला पाणी किती आहे?" आणि पुढे दादाचं उत्तर: "बरं आहे." सायली, चार एकरांचा रब्बी "बरं आहे" वर पेरू नकोस.

विहीर गोल, व्यास २० फूट, आत्ता पाण्याची उंची १२ फूट. त्रिज्या १० फूट, तिचा वर्ग १००, गुणिले ३.१४, म्हणजे तळाचं क्षेत्र ३१४ चौरस फूट. एक फूट पाणी म्हणजे ३१४ घनफूट, आणि एका घनफुटात २८.३ लिटर, तेव्हा दर फुटाला जवळपास ८,९०० लिटर. बारा फूट म्हणजे सुमारे १,०६,७०० लिटर. हा आकडा पाहून सुखावू नकोस. एक एकरावर एक इंच पाणी उभं करायचं तर १,०२,८०० लिटर लागतात. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. तेव्हा तुझी तुडुंब दिसणारी विहीर म्हणजे एका एकराला एक इंच पाणी. गव्हाला पाण्याची एक पाळी अडीच इंच धरली तर विहिरीतलं साठलेलं पाणी अर्ध्या एकरालाही पुरत नाही. मग आपल्या घरी इतकी वर्षं गहू कसा पिकला? झऱ्यांवर. विहिरीचं खरं पाणी तिच्यात दिसतं ते नव्हे, तिच्यात येतं ते. आणि येणारं पाणी दिसत नाही, मोजायला आत उतरताही येत नाही. समीकरण इथेच लागतं.

आधी मोटर किती पाणी फेकते ते काढ. २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेव, मोबाइलवर वेळ लाव. दोनतीनदा भरून सरासरी घे. समज चाळीस सेकंदांत भरला, तर दर सेकंदाला ५ लिटर. मोटरच्या पाटीवरचे हॉर्सपॉवर यात धरू नकोस. विहीर किती खोल, पाइप किती जुना, वीज किती दाबानं येते, यावर पाणी बदलतं. ड्रम खोटं बोलत नाही.

मग एके दिवशी सकाळी पाण्याची उंची दोरीनं मोजून मोटर चालू कर आणि विहीर पाइपाच्या तळच्या फुटव्हॉल्व्हपर्यंत रिकामी व्हायला किती तास लागले ते लिही. झरे नसते तर १,०६,७०० लिटर दर सेकंदाला ५ लिटरनं सहा तासांत संपले असते. समज, आठ तास लागले. आठ तास म्हणजे २८,८०० सेकंद, मोटरनं बाहेर टाकलं १,४४,००० लिटर. ते आलं कुठून? काही विहिरीत होतं, उरलेलं झऱ्यांनी त्या आठ तासांत दिलं. झऱ्यांचं दर सेकंदाचं पाणी आपल्याला माहीत नाही, त्याला म्हणू झ.

१,०६,७०० + २८,८०० झ = १,४४,०००

झ म्हणजे ३७,३०० भागिले २८,८००, सुमारे १.३ लिटर दर सेकंदाला. काठावर उभं राहून, दोरी, ड्रम आणि घड्याळ एवढ्यावर तू जमिनीखालचे झरे मोजलेस. मला हे अजूनही विलक्षण वाटतं. वर्गात मी पाण्याच्या टाकीची आणि नळांची गणितं शिकवायची, तेव्हा मुलं विचारायची, "बाई, एक नळ भरतोय आणि एक रिकामा करतोय, असं कोण करतं?" विहीर करते, रोज करते.

पुढचं बघ. १.३ लिटर गुणिले दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे रोज १ लाख १२ हजार लिटर. रोज एक एकर-इंच. ही वरची मर्यादा समज, कारण विहीर भरत आली की झरे मंदावतात. आणि फुटव्हॉल्व्हच्या खालचं पाणी कधीच वर येत नाही, तेव्हा १२ फूट मोजताना ते वजा करायला हवं. गव्हाच्या दोन पाळ्यांत वीस दिवस धर: वीस एकर-इंच. पाळी अडीच इंचांची, तर आठ एकर भिजतील असं कागद म्हणतो. पाटातून वाहताना मुरणारं पाणी तिसरा हिस्सा धर, झरे मंदावतात त्यासाठी आणखी थोडं सोड. चार एकर गहू निश्चिंत होतो. सहा एकरांवर मी जाणार नाही. शेजारचे दोन एकर बटाईनं घ्यायचे की नाही, हे तू विचारत होतीस. माझं उत्तर या ओळीत आहे.

तुझं शेत चाळीसगाव तालुक्यात आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथून जवळच पाटणे गाव, पाटणादेवी. तिथल्या देवळात शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, त्याला देणगी मिळाली, हे त्यात कोरलं आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा एक ग्रंथ म्हणजे लीलावती, लिहिला ११५० साली, आणि तो सुरू होतो मापांपासून: किती कवड्यांची काकिणी, किती जवांचा अंगुल, चोवीस अंगुलांचा हात, चार हातांचा दंड. आधी एककं, मग गणित. त्यातच एक उदाहरण आहे तळ्याचं: चार झरे, एकटा एकटा सोडला तर पहिला ते एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या, तिसरा तिसऱ्या हिश्शात, चौथा सहाव्या हिश्शात. चारी एकदम सोडले तर? दिवसाला पहिला एक तळं, दुसरा दोन, तिसरा तीन, चौथा सहा. एकूण बारा तळी, म्हणून एक तळं दिवसाच्या बाराव्या भागात. तुझ्या विहिरीचंच गणित, साडेआठशे वर्षांपूर्वीचं. आणि त्यांच्या बीजगणितात अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हटलं आहे, एकाहून जास्त असल्या तर पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. आपण ड, य आणि झ म्हटलं, एवढंच.

शेततळ्याचंही तू विचारलंस. ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. दुकानदार म्हणाला २७ लाख लिटर. त्यानं गुणाकार बरोबर केला, पण तळं खोक्यासारखं उभ्या भिंतींचं नसतं. बाजूला एकास एक उतार असेल तर तळाशी लांबी-रुंदी २४ मीटरच उरते. लीलावतीत खड्ड्याचं माप काढायची रीत आहे: वरचं क्षेत्र, तळाचं क्षेत्र आणि दोन्हीकडच्या बाजूंची बेरीज करून त्यांचं क्षेत्र, या तिन्हींची बेरीज भागिले सहा, गुणिले खोली. ९०० अधिक ५७६ अधिक ५४ गुणिले ५४ म्हणजे २,९१६. बेरीज ४,३९२, भागिले सहा ७३२, गुणिले तीन २,१९६ घनमीटर. जवळपास २२ लाख लिटर. पाच लाख लिटर कागदावरच आटले. बाजूचा उतार दीडास एक ठेवला तर वीस लाखही भरत नाहीत. हा आकडा तळ्याच्या अस्तराचं कापड घेण्याआधी हवा, नंतर नव्हे.

गिरणा धरणाचं आवर्तन सुटलं की पेपरात क्युसेक येतील, ते घाबरण्यासारखं काही नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. एका एकरावर एक क्युसेक तासभर सोडला तर जवळजवळ बरोबर एक इंच पाणी बसतं. हे लक्षात ठेवायला फार सोयीचं आहे. आणि टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट: ११,५७४ क्युसेक पूर्ण एक दिवस वाहिले की एक टीएमसी.

एक काळजीची गोष्ट. पाण्याच्या हिशेबात दशांशाला फार किंमत देऊ नकोस. विहिरीचा व्यास तू दोरीनं घेतलायस, तो अर्ध्या फुटानं इकडेतिकडे असेलच. मग झ ला १.२९५१ लिहून काय साधतं? सव्वाच्या आसपास, एवढं पुरे. औषध फवारताना मात्र ढिलाई नको. लिटरला २ मिली असेल तर १६ लिटरच्या पंपाला ३२ मिली, बाटलीच्या झाकणानं अंदाजे नाही, मापानं. आणि लेबलवर "लिटरला" लिहिलंय की "एकरी" ते आधी वाच. एकरी लिहिलं असेल तर एकराला किती पंप लागतात ते साध्या पाण्यानं फवारून आधी मोजायला हवं. ते औषध तुझ्या आणि मजुरांच्या श्वासात जातं, म्हणून हे हात जोडून सांगते.

विहिरीची चाचणी या आठवड्यात कर, म्हणजे गव्हाचं नक्की करता येईल. तीच चाचणी जानेवारीच्या अखेरीस पुन्हा करायची आहे, उन्हाळी भुईमुगासाठी. उन्हाळ्यात पाळी आठदहा दिवसांवर येते आणि मे महिन्यापर्यंत झरे उतरतच जातात, हे धरून चालू. जानेवारीतला झ एक लिटरच्या बराच वर असेल तर दोन एकर भुईमूग लाव. अर्ध्या लिटरवर आला असेल तर एका एकराच्या पुढे जायचं नाही, दादा काहीही म्हणो. विहिरीचा व्यास आडवा आणि उभा असा दोन्हीकडून घे, जुन्या विहिरी पुऱ्या गोल नसतात. आकडे कळव, मीही इकडे मांडून ठेवते.

दादाला नमस्कार, वहिनीच्या गुडघ्याचं लिही.

तुझी,
आत्या